तिकिटांचा डबा: २०२५ च्या यादीच्या प्रकल्प नोंदी

३० नोव्हेंबर २०२५, रविवार

मेगाब्लॉक. कुठे जाणं नव्हतंच, म्हणून माळ्यावरून डबा काढला. पत्र्याचा, जुना, चकलीचा. वर्षभर पाहिलेल्या प्रत्येक सिनेमाचं तिकीट घरी आल्या आल्या त्यात टाकत आलेय.

चार जानेवारीला आमची पाच जणांची टोळी गिरगावात मैत्रिणीकडे जमते. प्रत्येकाने वर्षाचे दहा सिनेमे आणायचे आणि शेवटची लोकल चुकेपर्यंत भांडायचं. नियम तीन. सिनेमा थिएटरात पाहिलेला हवा. त्याच वर्षी लागलेला हवा. आणि यादीतल्या सिनेमाबद्दल ज्याला 'छान होता' याच्या पुढे काही बोलता येत नाही, त्याने सगळ्यांना वडापाव द्यायचा.

डबा उघडला आणि मटकन बसले. ३७ तिकिटं, त्यातली अकरा कोरी. एकावर नुसता पडद्याचा नंबर, बाकी पांढरं. थर्मल कागद! त्याच्यावर शाई नसतेच मुळी. कागदाला रसायनाचा लेप असतो, छापताना तापलेलं टोक जिथे लागेल तिथे तो काळा होतो. ऊन, तेल, प्लॅस्टिक, कशानेही तो रंग उडतो. आणि मी ठेवली कुठे, तर चकलीच्या डब्यात. सोडा लावून घासला होता, मान्य. पण इतक्या दिवाळ्यांचं तेल पत्र्यातून असं थोडंच जातं. त्यातही जी तिकिटं विशेष जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली होती, ती सगळ्यात आधी गेली.

२ डिसेंबर, मंगळवार

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं, कोरं तिकीट मागून हलकं तापवलं की गेलेली अक्षरं उमटतात. रात्री इस्त्री काढली, सगळ्यात मंद ठेवली, तिकिटावर सुती रुमाल घातला आणि टेकवली. रुमाल उचलला तर तिकीट कोळशासारखं काळं. एका कोपऱ्यात, तिरकं धरल्यावर, 'रो एफ' वाचता येतंय की काय असं वाटलं. आईने वाचून बघितलं, तिला 'रो ई' दिसलं. मग दोघींनी नाद सोडला.

उरलेल्या दहांना हात लावला नाही. बँकेचं स्टेटमेंट आणि फोनमधले मेसेज लावून बसले. आठ सापडली. दोन तिकिटं आणि हे काळं, अशी तीन अजून बेवारस. तिन्ही वेळा पैसे दुसऱ्या कुणीतरी दिले असणार, म्हणजे माझी न फेडलेली देणीही या निमित्ताने उघडी पडली.

६ डिसेंबर, शनिवार

'गोंधळ' बघायचा राहिला होता. १४ नोव्हेंबरला लागला तेव्हा ऑफिसात ऑडिट चालू. मग नोव्हेंबरअखेर गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात संतोष डावखर यांना उत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्यमयूर मिळाला आणि मी कपाळावर हात मारला. आज एका मल्टिप्लेक्समध्ये सकाळी पावणेदहाचा एकच शो होता. दादरला चैत्यभूमीच्या गर्दीमुळे पाय ठेवायला जागा नसणार, म्हणून मुद्दाम उपनगरातला धरला. आठला मेसेज आला: काही कारणास्तव शो रद्द. कारण काय ते खिडकीवरच्या मुलाने सांगितलं, चारच तिकिटं गेली होती. पडदा मोकळा होता का? नाही. कालच लागलेला 'धुरंधर' सगळीकडे, आणि तो साडेतीन तासांचा. त्याच्या दोन शोंच्या मधल्या फटीत मराठी सिनेमा घुसवलेला, तीही बुजली.

त्या सिनेमाशी माझं भांडण नाही. लोक बघतायत, बघू देत. पण २०१५ साली सरकारने प्राइम टाइम दुपारी बारा ते रात्री नऊ ठरवून मराठीला तिथे जागा द्यायला सांगितली होती, आणि दहा वर्षांनी मी पावणेदहाच्या शोसाठी आठला निघतेय. तिकिटाचे पैसे परत आले. बुकिंगचे वरचे आले नाहीत.

यादीत एक वेगळा रकाना केला: न पाहिलेले.

१० डिसेंबर, बुधवार

आज खरी गडबड लक्षात आली. मी दर सिनेमानंतर त्याच रात्री एक्सेलमध्ये दहापैकी गुण टाकते. वर्षाचे गुण उतरत्या क्रमाने लावले की यादी तयार, असा सोपा हिशोब होता. लावले. दुसऱ्या क्रमांकावर असा सिनेमा आला, ज्याला मी साडेआठ दिलेत आणि ज्यातलं मला नायकाच्या जॅकेटपलीकडे काही आठवत नाही. त्या दिवशी बहुतेक एसी चांगला असावा.

गुण रद्द. नवी पद्धत: रात्री आई मेथी निवडायला बसते तेव्हा तिला सिनेमा सांगायचा. फोन बघायचा नाही. आईने 'मग?' विचारलं की पास. ती मधेच 'गॅस बंद केलास का' म्हणाली की नापास. आई सिनेमाला फारशी येत नाही, पण गोष्ट ऐकायला पक्की.

पहिल्याच रात्री तीन उडाले. त्यात साडेआठवाला होता.

'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' मात्र पहिल्या मिनिटाला पास. फेब्रुवारीअखेर लागला होता, हॉलमध्ये आम्ही सहा जण. यंत्रमागांच्या गावातली पोरं हौसेने सिनेमे काढतात, स्वतःचा सुपरमॅन उडवतात, हे नाशिक जिल्ह्यातलं खरं घडलेलं आहे म्हटल्यावर आईने जुडी खालीच ठेवली. 'उडवला कसा?' हा प्रश्न 'मग?' च्या वरचा धरला.

१४ डिसेंबर, रविवार

बाबांना 'शोले'ला घेऊन गेले. परवा शुक्रवारी, १२ तारखेला, नव्याने साफ करून लागलाय, आणि सेन्सॉरने तेव्हा बदलायला लावलेला शेवट परत जोडलाय. बाबांनी तो १९७५ साली मिनर्व्हाला पाहिलेला, सत्तर एमएमवर. तिथे तो पाच वर्षं चालला, त्यातला निदान आठवडाभर एकट्या बाबांमुळे. आता मिनर्व्हाही नाही आणि २४ नोव्हेंबरला धर्मेंद्रही गेला. पाण्याच्या टाकीवरचा प्रसंग आला तेव्हा हॉलमध्ये हसू होतं, पण नेहमीपेक्षा बेताचं. बाबा संवाद सगळे आधीच म्हणत होते, फक्त तिथे गप्प.

शेवटी पोलीस येत नाहीत, ठाकूर खिळ्यांच्या जोड्यांनी गब्बरला संपवतो आणि मग रडतो. आणीबाणीच्या दिवसांत माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेतलेला चालला नव्हता.

परतताना लोकलमध्ये वाद. बाबांचं म्हणणं, हा यादीत घाल.

'बाबा, पन्नास वर्षांपूर्वीचा आहे तो.'

'तो वेगळा. त्यात गब्बर जिवंत राहतो. ह्यात मरतो. मग हा नवीन नाही का?'

भांडुप आलं तरी उत्तर सुचलं नाही. टोळीला मेसेज टाकला. तीन विरुद्ध एक मतांनी शोले बाद. बाबांना अजून सांगितलेलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार

ऑस्करच्या परदेशी सिनेमांच्या पंधराच्या यादीत 'होमबाउंड' आलाय. त्यामुळे आज तोच सांगायला घेतला. नीरज घेवान यांचा, २६ सप्टेंबरला लागलेला. बशारत पीर यांनी २०२० मध्ये लिहिलेल्या एका लेखावरून सुचलेला. उत्तरेकडच्या खेड्यातले दोन मित्र, एक मुसलमान, एक दलित. दोघांना पोलीस शिपाई व्हायचंय, कारण वर्दी घातली की कुणी आडनाव विचारणार नाही. मी इथपर्यंत आले, पुढे ते सुरतेच्या गिरणीत जातात आणि लॉकडाऊन लागतो, एवढंच म्हटलं आणि आईने हात वर केला.

मग तीच बोलायला लागली. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला, गच्चीवरून हायवे दिसतो. २०२० च्या मे महिन्यात ती पापड वाळत घालायला वर जायची. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, ठाण्याकडे आणि पुढे नाशिकच्या रस्त्याने चाललेली माणसं. एका बाईच्या हातात पितळेचा तांब्या होता, एवढं तिला पाच वर्षांनी आठवतंय. 'तांब्या का घेतला असेल गं? प्यायला बाटली बरी ना.' मी काही बोलले नाही. त्या दिवसानंतर तिने त्या उन्हाळ्यात पापड घातले नाहीत, हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटलेलं उडीद मिळाले नसतील.

सिनेमा पूर्ण सांगितलाच नाही. तरी यादीत.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळी कांदेपोहे, म्हणून 'स्थळ'. जयंत सोमलकर यांचा, मार्चमध्ये लागलेला. विदर्भातलं कापसाचं गाव, कलाकार बहुतेक तिथलेच, कॅमेऱ्यासमोर कधी न आलेले. सुरुवातीलाच स्वप्न: मुलगा मान खाली घालून बसलाय आणि बायका त्याला प्रश्न विचारतायत. हॉलमध्ये हशा. मग सविता जागी होते आणि पाटावर तीच. समोर ओळीने पुरुष, हातात पोह्यांच्या बशा. नाव, शिक्षण, उंची. ती आत गेली की बाहेर रंगाची आणि उंचीची चर्चा. थोड्या वेळाने दुसरं स्थळ, तोच पाट, तेच प्रश्न, त्याच चालीवर. तिसऱ्यांदा येईस्तो हसणारे गप्प होतात. दिग्दर्शकाने यापेक्षा जास्त काही केलेलं नाही, आणि तेच जमलंय. मुलगी लोकसेवा आयोगाची तयारी करतेय, समाजशास्त्र शिकतेय. वर्गात स्त्री-सक्षमीकरण शिकवणारे सर पुढे स्वतः काय करतात, ते इथे लिहीत नाही. टोळीतल्या एकाने अजून पाहिलेला नाही.

आईला 'मग?' विचारायची गरज पडली नाही. तिने स्वतःच्या पोह्यांचा हिशोब काढला. बाबांच्या आधी सात. बाबा पेपरमागून म्हणाले, 'मला चारच सांगितले होते.'

२३ डिसेंबर, मंगळवार

जलद नोंद, दिवस लांबलाय.

'सिनर्स' इरॉसला पाहिलेला, आयमॅक्सवर. १९३२ चं मिसिसिपी, जुळे भाऊ, एकच नट दोघांच्या भूमिकेत, आणि अर्ध्यात रक्तपिपासू भुतं. नाचाच्या खोपटात गाणं सुरू होतं आणि गेलेल्या आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांचे वाजवणारे त्याच जमिनीवर मिसळतात. 'म्हणजे वारीसारखं?' आई म्हणाली. बरोबर की चूक ठरवता आलं नाही, पण पास.

'लोका', मल्याळम. मजा आली. आईला सांगायला घेतला आणि यक्षिणीपाशी माझंच अडलं. तरी दहाव्या क्रमांकावर ठेवतेय, दहा भरायला हवेत.

'आता थांबायचं नाय'. एक मे रोजी लागला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी होतात, खरी गोष्ट. खालच्या मजल्यावरचे काका घनकचरा खात्यातून मुकादम म्हणून निवृत्त झालेले, त्यांनी तीनदा पाहिला. त्यांची टीका एकच, चौकीवरची हजेरी इतक्या शांततेत कधी लागत नाही. भरत जाधव रडला की काका रडतात आणि आपण रडलो हे कुणाला सांगू नको म्हणतात. (काका, हे तुम्ही वाचणार नाही याची खात्री आहे.)

'दशावतार' आईला सांगायचा प्रश्नच नव्हता, सप्टेंबरात प्लाझाला तिला बरोबर नेलेलं. ती सावंतवाडीची. त्या शुक्रवारी, १२ तारखेला, तीन मराठी सिनेमे एकमेकांच्या उरावर लागले होते, त्यातला हा चालला. दिलीप प्रभावळकर ८१ वर्षांचे, बाबुली मेस्त्री होऊन मुखवटा चढवून उभे राहतात तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी चक्क हात जोडले. दुसऱ्या भागात सूडाची गाडी फार वेगाने सुटते, मला ते पटलं नाही. आईला पटलं. तिचं म्हणणं, दशावतारात असंच असतं. गणपती येतो, संकासुर येतो, 'ह्येका आमच्याकडे आडदशावतार म्हणतत', मग आख्यान, आणि पहाटेच्या आत असुर मेलाच पाहिजे, नाहीतर लोक उठून जाणार नाहीत. संवाद लिहिलेले नसतात, उभ्या उभ्या रचायचे. मी म्हटलं सिनेमाची पटकथा लिहिलेली असते गं. तिने माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं.

२७ डिसेंबर, शनिवार

'साबर बोंडं' इतके दिवस मागे ठेवला होता. माझ्या मनात तो पहिला आहे आणि तो आईला सांगायचा कसा हे कळत नव्हतं.

गोष्ट म्हणून त्यात घडतं किती? मुंबईतला आनंद, तिशीतला. वडील जातात. दहा दिवसांसाठी आईबरोबर गावी जातो. सुतकाचे नियम, नातेवाईकांची लग्नाबद्दलची टोचणी, आणि लहानपणचा मित्र बाळ्या, त्याचंही लग्न झालेलं नाही. दोघं शेळ्यांमागे फिरतात. बाळ्या निवडुंगाची लाल बोंडं आणून देतो. रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला मोठा सिनेमा, जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळवून आलेला, तिथे दाखवला गेलेला पहिला मराठी सिनेमा. १९ सप्टेंबरला इथे लागला, 'दशावतार'च्या गर्दीत. मी पाहिला तेव्हा हॉल निम्मा होता.

पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा जागचा फारसा हलत नाही. आपण बघत बसतो आणि हळूहळू ऐकायला लागतो: कोंबडं, भांडी, लांब कुठेतरी मोटर. हे मेथी निवडणाऱ्या बाईला काय सांगणार? माझी 'मग?' पद्धत इथे कामाची नाही, ती गोष्टी मोजते. तरी सांगायला बसले. बाळ्या आणि आनंद यांच्यात काय आहे ते एका वाक्यात, सरळ सांगितलं, आवाज चढवला नाही की उतरवला नाही.

आईची बोटं थांबली. पानं आणि देठं दोन ढिगांत होती, तिने एक पान चुकून देठांत टाकलं आणि उचलून परत इकडे ठेवलं.

'त्याच्या आईला माहीत होतं?'

'हो. आधीपासून.'

'आणि वडलांना?'

'त्यांनाही.'

'मग बरं,' म्हणाली. पुढे बराच वेळ काही नाही. जुडी संपल्यावर विचारलं, 'ती बोंडं खाल्ली का त्यांनी? काटे काढून खावी लागतात. पुसली नाहीत नीट तर जिभेत जातात, दिसतही नाहीत.'

पहिला क्रमांक पक्का.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

'क्रांतिज्योती विद्यालय मराठी माध्यम', पहिल्याच दिवशी. मोजायचा पुढच्या वर्षी. तिकिटाचा फोटो खिडकीसमोर उभं राहूनच काढला, मागचा माणूस वैतागला. तिकीट कागदी पाकिटात. डबा आईने परत घेतला, म्हणाली आता त्यात मेथीदाणे ठेवते.

४ जानेवारी, रविवार

गिरगाव. पाचही याद्यांत एकच सिनेमा समान निघाला, 'होमबाउंड'. 'स्थळ' चारांत. 'साबर बोंडं' पहिला माझा एकटीचा. एकाने तो निम्म्यात सोडलेला, 'काही घडतच नाही' म्हणून. त्याच्याशी पाऊण तास. त्याला पटलं नाही, पण उठताना विचारत होता कुठे बघायला मिळेल.

'गोंधळ' पाहिलेले दोघं निघाले. त्यांनी मला मशालींच्या उजेडातली रात्र इतकी रंगवून सांगितली की मला राग आला.

दहाव्या क्रमांकावर आले. 'लोका'. का? विचारलं सगळ्यांनी. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, 'छान होता.' पाच वडापाव, एक जादा चटणी, दीडशे रुपये.

५ जानेवारी, सोमवार

बेवारस तिकिटांपैकी दोन काल मैत्रिणींच्या फोनवर सापडली. काळं तेवढं उरलं. ते स्वयंपाकघरात फ्रिजला चुंबकाने लावून ठेवलं होतं, गंमत म्हणून.

आईने पोळ्या लाटता लाटता बघितलं. 'हे जूनमधलं ना?'

'कशावरून?'

'इस्त्री केलीस तेव्हा मागे मऊ लागलं होतं, पावसात भिजून वाळलेलं. गेल्या वर्षी पाऊस मेमध्येच आला, पण तू चिंब होऊन आलीस ती जूनच्या मधेच एकदा. त्या रात्री इथला दिवा चालू ठेवून झोपलीस. दुसऱ्या रात्रीही. मी काही बोलले नाही.'

'जारण'! अमृता सुभाष, ती बाहुली, करणीची भीती. तिकीट मावसबहिणीने काढलेलं. एक्सेलमध्ये गुणही टाकलेले नाहीत, कारण त्या रात्री लॅपटॉप दुसऱ्या खोलीत होता आणि मी त्या खोलीत गेलेच नव्हते.

यादी दुरुस्त केली. दहावा 'लोका' काढून 'जारण', आणि खरं तर तो दहावा नव्हेच, चौथ्या-पाचव्याच्या आसपास. टोळीला कळवलं. दोन मिनिटांत उत्तर: यादी काल बंद झाली. बदलायची असेल तर परत वडापाव.